तीन दिवसांच्या काळोखाची तयारी

मनाय सालुद बदामासारख्या पिलीच्या टणक बिया फोडायची. ओंडक्यावर बी उभी धरायची, कोयत्याचा एक ठोका द्यायचा, की दाणा अख्खा बाहेर. नवरा वारल्यापासून ती ज्वालामुखीच्या डोंगराच्या अंगावरच्या एका वळणावर एकटीच राहायची. सख्खी धाकटी बहीण एकच, बेलेन. पण ती ‘मनाय’, म्हणजे ताई, म्हणते म्हणून सगळ्या वस्तीने सालुदला मनाय करून टाकलं होतं.

जगाचा शेवट होण्याआधी तीन दिवस काळोख पडणार, हे सालुदने आईच्या मांडीवर ऐकलं होतं. त्या काळोखात कुठलाच दिवा पेटत नाही. पेटते ती फक्त मधमाशीच्या मेणाची, आशीर्वाद दिलेली मेणबत्ती. दारं-खिडक्या बंद करून प्रार्थना करत बसायचं. आणि दार उघडायचं नाही, कारण सैतान आपल्या माणसांचे आवाज काढून हाका मारतो. उघडलं की जागच्या जागी मरण, आणि पुढे नरक.

सालुदने तयारी केली ती अगदी संसारी बाईसारखी. रानातून मधाची पोळी आणवून मेण स्वतः गाळलं. तांदळाचा डबा, सुकी मासळी, पाण्याचे कॅन, खिडक्यांना काळं कापड, आणि पडद्यामागे झाकणाची बादली. देवाचा कोप झाला म्हणून पोट थोडंच थांबतं!

मेणबत्त्या घेऊन ती चर्चमध्ये गेली तेव्हा फादर हसले. “मनाय, एवढी मासळी भरलीत. बहिणीशी बोललात का? खरी तयारी ती.”

“तिचं नाव काढू नका, फादर. तुम्ही तेवढा आशीर्वाद द्या.”

फादरनी दिला. काय करतील बिचारे!

बेलेनशी बिनसलं होतं ते वेगळ्याच कारणाने. ती पास्टर आदोरच्या मंडळीत गेली होती. ते खोबरं वाळवायच्या जुन्या शेडमध्ये जमायचे. त्यांच्या मते येशू ढगांत येणार, आपली माणसं क्षणात उचलून नेणार आणि उरलेले हाल भोगणार. मग तांदूळ कशाला साठवायचे? बेलेनने तर घरची डुकरीणही देऊन टाकली होती, आपण गेल्यावर तिला खायला कोण घालील म्हणून.

“का ग, डुकरांना नेत नाहीत वाटतं?” सालुदने विचारलं. आईच्या वर्षाचं जेवण होतं, पानावर सगळे नातेवाईक.

“हस, मनाय, हस. मागे राहशील तेव्हा ती मासळी पुरवून पुरवून खा.”

हे सालुदला झोंबलं. “आणि तू राहिलीस तर माझ्या दारात येऊ नकोस. तुझा आवाज आला तर मी सैतानच समजेन. कडी काढणार नाही.”

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. बाजारात समोरासमोर आल्या तर एकीला भोपळे दिसायचे, दुसरीला आभाळ.

मग एके दिवशी सकाळी डोंगर गुरगुरला आणि दुपार व्हायच्या आत सगळीकडे काळोख झाला. राख पडत होती, पण सालुदला राखेचा विचार शिवलाही नाही. ती ज्याची वाट पाहत होती ते आलं होतं. कडी घातली, मेणबत्ती लावली आणि गुडघे टेकले. मेणबत्ती पहिल्याच काडीला पेटली तेव्हा तिला रडूच आलं. म्हणजे देवाने आपल्याला टाकलेलं नाही.

थोड्या वेळाने दार वाजलं. “मनाय! चला, ट्रक उभा आहे!” वस्तीचा कारभार बघणाऱ्या कप्तानाचा आवाज. माणसांना खाली शाळेत न्यायला तो खरोखरीच ट्रक घेऊन आला होता. पण सालुद जोरजोरात प्रार्थना म्हणू लागली. कप्तानाने हॉर्न वाजवला, दारावर लाथाही घातल्या. शेवटी “मर मग, म्हातारे!” म्हणून तो गेला, आणि सैतान हरला म्हणून तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

पुन्हा दार वाजलं ते हळूच.

“मनाय, मी बेलेन.”

सालुद दारापासून मागे सरली.

“मनाय, उघड ना. दिसत नाही ग काही. श्वास घेववत नाही.”

“माझी बहीण नाहीस तू!”

“लहानपणी मी तापले होते तेव्हा तू मला पाठुंगळीला घेऊन नदी ओलांडलीस. आठव.”

आठवत होतं. पण सैतानाला काय ठाऊक नसतं? सालुदने कानांवर हात दाबून धरले. बाहेरचं बोलणं थांबलं. मग कोणीतरी दाराला पाठ घासत खाली बसलं आणि खोकू लागलं. खोकत होतं, रडत होतं. नाव घेत नव्हतं, विनवत नव्हतं. सालुदला ते ऐकवेना. स्वर्ग हातचा जाणार हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि तिला भयंकर भीती वाटत होती.

तिने कडी काढली.

दाराला टेकलेलं ते आत कलंडलं. डोक्यापासून पायापर्यंत राख. डोळे तेवढे लाल. सालुदने त्याला ओढून आत घेतलं, तोंड धुतलं, पाणी पाजलं. राखेखालून बेलेनचा चेहरा निघाला.

“मी माळावर नारळ गोळा करत होते,” बेलेन म्हणाली. “धावत शेडवर आले तर दारात सगळ्यांच्या चपला, आणि आत कोणी नाही. एकही माणूस नाही, मनाय. सगळ्यांना नेलं. मलाच ठेवलं.”

सालुद तिचे केस पुसायला फडकं भिजवत होती. तिला लाथा आठवल्या, हॉर्न आठवला. “अग वेडे, येशूने नाही. ट्रकने नेलं.”

बेलेनला हे पटायला वेळ लागला. पटल्यावर ती हुंदके देऊन रडली. मग नाक पुसून म्हणाली, “मला वाटलं, तू तरी असशीलच. तुला कोण नेतंय?”

“तोंड आवर.”

“पण तू म्हणाली होतीस, उघडणार नाही. मग मला ओळखलंस कशावरून?”

सालुद ओल्या फडक्याने तिच्या केसांतली राख काढत होती.

“नाही ओळखलं,” ती म्हणाली.