वाळलेला लॅपटॉप

कसबा बावड्याच्या रस्त्यावर लॅपटॉप दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. मशीन हातात आलं की आधी उलटं करून स्क्रू चाचपायचे, वस्तादानं पैलवानाचे दंड चाचपावेत तसे. जाडजूड मशीनवर त्यांचा जीव. माझा नवा, बोटभर जाडीचा लॅपटॉप बघून ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "पावणं, ह्येला खायला घालता का न्हाय? लई वाळलंय की!"

जुना जाड लॅपटॉप मी सुट्या भागांसाठी त्यांनाच देऊन टाकला.

वर्षभरानं, आई गेल्यावर, तिच्या आवाजातल्या गाण्यांची, मीच कधीतरी रेकॉर्ड केलेली सीडी सापडली. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नव्हती. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी फळीवरून माझाच जुना लॅपटॉप काढला. एकही स्क्रू हलला नव्हता.

"खोलला नाहीत?"

"न्हाय. बारीक मशीन घेतल्यालं माणूस कवातरी माघारी येतंयच की."

सीडी फिरू लागली. आवाज अगदी बारीक होता. त्यांनी उठून पंखा बंद केला. मग आई स्पष्ट ऐकू आली.

"गाणं ऱ्हाऊ दे. आधी जेव की रं. किती वाळलायस!"