रुमालाखालचा सौदा

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिला माझी बाकीची सगळी कुलंगडी पाठ आहेत. एकदा देवापुढे बसून बोलावं म्हटलं, तर तिथंही जीभ टाळ्याला चिकटली. मग तुला का सांगतोय? माहीत नाही बाबा. तू ऐक फक्त.

पन्नासच्या दशकात मी साताऱ्याहून बंगळूरला आलो. एका मोठ्या संशोधन संस्थेत नोकरी. चिकपेटेच्या मागच्या गल्लीत मारुतीअण्णांच्या माडीवर भाड्यानं राहायचो. अण्णा पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, घरात मराठी — पण तिच्यात कानडी मिसळलेली. धंदा रेशमी सुताच्या दलालीचा. दर रविवारी त्यांची बायको, अक्का, मला खाली जेवायला बोलवायची. 'वसंता, आणखी स्वल्प भात घे' म्हणत ताटात ढीग करायची. परक्या गावात एवढी माया कोण करतं, सांग?

आणि त्या ताटावर बसून मी शेखी मिरवायचो. अण्णा सगळ्या पेठेला सांगत — आमच्या माडीवर सायंटिस्ट राहतो. मी कोण होतो? पंपवाला! प्रयोगशाळेतला हवा काढायचा पंप चालवायचा, त्याचं तेल बदलायचं, काचेच्या नळ्या धुवायच्या. पण अण्णांनी सायंटिस्ट म्हटलं आणि मी नाही म्हटलं नाही. इथूनच सगळं सुरू झालं बघ.

एका रविवारी, लोकांच्या तोंडून ऐकलेलं मी माझं म्हणून फेकलं. म्हटलं, अण्णा, ग्रहताऱ्यांसारख्या मोठ्या वस्तूंचा कायदा वेगळा आणि अणूच्या आतला कायदा वेगळा, आणि दोघांचं काही केल्या जुळत नाही. अण्णांचा घास हातातच राहिला. 'एका दुकानात दोन गज?' म्हणाले. 'असलं दुकान चोराचं असतं रे!' त्यांना राग आला होता — खरा राग, जगावरचा.

महिनाभर त्यांनी त्याचाच ध्यास घेतला. मग एक दिवस मला दुकानात नेलं आणि सौदा दाखवला. पेठेत भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचे. जमलं तर हात घट्ट धरायचा. बोट न दाबता हात सोडला, की सौदा संपला. आणि रुमालाखाली काय झालं ते बाहेर कुणी कुणाला सांगायचं नाही — हा तिथला नेम, बापानं मुलालाही सांगायचं नाही.

अण्णा म्हणाले, 'वरनं दिसतो तो वाकलेला रुमाल — ती तुझी मोठी दुनिया. खाली चाललेली बोटं — ती बारकी. रुमाल उचलेपर्यंत भाव ठरलेला नसतोय. पण रुमाल वाकतोय कशानं? बोटांनीच की! दोन कायदे नाहीतच रे, सौदा एकच हाय.' डोळे भरून आले होते त्यांचे. मग माझा हात धरून म्हणाले, 'मला इंग्रजी येत नाही. तू तुझ्या साहेबांना सांग.'

साहेब! संस्थेतले थोर प्रोफेसर. त्यांच्यासमोर मी मान वर करून उभासुद्धा राहत नव्हतो. आता हे अण्णांना सांगायचं म्हणजे माझं सायंटिस्टपण उघडं पाडायचं. ते माझ्यानं होईना. पुढच्या रविवारी मी म्हणालो — साहेबांनी ऐकलं अण्णा, म्हणाले, यात दम आहे.

झालं. पुढची कित्येक वर्षं मी साहेबांच्या नावानं प्रश्न आणत गेलो. साहेब विचारतात, मग प्रकाशाचं काय? साहेब म्हणतात, मग काळ कुठे बसतो? सगळे प्रश्न माझे, जिन्यात बनवलेले. अण्णा उत्तरं शोधत राहिले. पन्नाशीत गणिताची शिकवणी लावली. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि यांचं लक्ष रुमालाच्या चुणीकडे! हळूहळू गिऱ्हाइकं तुटली, दुकान धाकट्या भावानं चालवायला घेतलं, आणि पेठ त्यांना वेडा अण्णा म्हणू लागली. अण्णा हसायचे. त्यांच्याजवळ साहेब होते ना! त्यांचा सिद्धांत खरा होता का, विचारशील. बहुधा नसावा. पण तो खोटा आहे, हे ऐकायचासुद्धा हक्क मी त्यांना मिळू दिला नाही.

साठ साल उलटलं होतं. प्रोफेसरांचं गावात जाहीर व्याख्यान झालं. पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र माझ्याकडे. व्याख्यान संपलं आणि बघतो तर अण्णा! डोक्याला जरीचा फेटा, खांद्यावर उपरणं, हातात दोन लिंबं — तिकडे मोठ्या माणसाला भेटताना लिंबू देतात. ते थेट प्रोफेसरांपुढे गेले, लिंबं दिली, आणि पाठ केलेल्या इंग्रजीत म्हणाले, 'सर, मी चिकपेटेचा. रुमालवाला.' आणि ओळख पटण्याची वाट बघत हसत उभे राहिले.

प्रोफेसर गोंधळले. भला माणूस होता तो. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, हे तुमच्या ओळखीचे आहेत का?

मी म्हणालो, 'नो सर.'

एवढी इंग्रजी अण्णांना येत होती.

ते मान लववून बाजूला झाले. मी खाली मान घालून वायर गुंडाळत होतो, तेव्हा जवळ आले. माझा हात धरला, वर उपरण्याचं टोक टाकलं. मी वाट बघत राहिलो — एक तरी बोट दाबतील. नाही दाबलं. क्षणभर तसाच धरला, आणि सोडून दिला.

रविवारी अक्का कौतुकानं म्हणाली, 'साहेबांनी ह्यांना बरोबर ओळखलं म्हणे!' मी अण्णांकडे पाहिलं. ते भात कालवत होते. 'सरी, सरी, बरं, त्याला जेवू दे,' एवढंच म्हणाले. त्यांनी रुमालाचा नेम पाळला. सिद्धांताचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. दुकानातही जायचं सोडलं, ओसरीवर नुसते बसून राहायचे. मी लवकरच जयनगरला बिऱ्हाड हलवलं. जागा लहान पडते, असं कारण दिलं.

दोन-तीन वर्षांत अण्णा गेले. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं — भाऊ, भाचरं, त्यांना वेडा म्हणणारे पेठेतले दलालसुद्धा. अक्कानं मला सगळ्यांच्या मध्ये बसवलं. म्हणाली, 'वसंता, साहेब ह्यांच्याबद्दल काय काय म्हणाले, ते सांग सगळ्यांना. तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना.'

खरं बोलायला तेव्हाही जागा होती. मी घसा साफ केला आणि साहेबांच्या तोंडची वाक्यं सांगायला लागलो. एकेक, रंगवून. अक्का डोळ्यांना पदर लावून ऐकत होती. मी फार छान सांगितलं.