बाईंची मुलगी

पूर्णिमा ताकसांडे भंडाऱ्याहून डी.एड. करून पुण्यात आली आणि महापालिकेच्या शाळेत लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी वस्तीभर पेढे वाटले होते. ते स्वतः नगरपालिकेच्या शाळेत शिकून पोस्टात लागलेले. "सरकारी शाळा नसती तर आपण कुठं असतो?" हे त्यांचं वाक्य ऐकून ऐकून तिचंच झालं होतं. बिबवेवाडीच्या त्या शाळेत ती जीव ओतून शिकवायची. स्वतःची मुलगी आम्रपाली मात्र तिनं येरवड्याला घराजवळच्या खाजगी इंग्रजी शाळेत घातली होती. शाळेत हे फक्त मुख्याध्यापकांना माहीत होतं; इतरांत तो विषय कधी निघाला नाही आणि तिनंही काढला नाही.

मग शहरातल्या एका धोरण-संस्थेची योजना आली. सरकारनं शाळा चालवू नयेत, पालकांच्या हातात पैसा द्यावा, चांगली शाळा ते आपोआप निवडतील, असं मानणारी ही संस्था. प्रयोग म्हणून ती वस्तीतल्या काही घरांना कूपन देणार होती. मूल हव्या त्या शाळेत घाला, फी संस्था भरेल. ते समजावून सांगायला संस्थेचा अनिरुद्ध शाळेच्या सभागृहात आला. तरुण होता, बोलायला अतिशय नम्र.

पूर्णिमा उठून उभी राहिली. "हुशार मुलं निघून गेली की तुकड्या बंद पडतील. उरलेल्यांनी कुठं जायचं? शाळा म्हणजे काय भाजी आहे, या गाड्यावर नाही आवडली तर त्या गाड्यावर?"

पालक हसले. अनिरुद्धही हसला. "मुद्दा बरोबर आहे, मॅडम. सहज विचारतो, आपली मुलं कुठल्या शाळेत आहेत?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर. "मुलगी आहे. येरवड्याच्या महापालिकेच्या शाळेत," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवता वाजवता शेजारी बसलेले मुख्याध्यापक रंगनाथ सर हळूच म्हणाले, "वा. मुलीची बदली कधी झाली, बाई?" सभा संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

दोन-तीन दिवसांनी हिरा आली. ती पोळ्यांची कामं करायची, माहेर लोणी काळभोरचं. तिची चैताली पूर्णिमाच्याच वर्गात होती. "बाई, कूपनात नंबर लागला होता. नको म्हणून सांगितलं," हिरा आनंदानं म्हणाली. "म्हटलं, बाईंची पोरगी जर सरकारी शाळेत हाय, तर माझीला काय धाड भरलीय?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पूर्णिमा नुसतं "बरं केलंस" म्हणाली आणि फळा पुसायला वळली.

त्यानंतर चैताली रोज काहीतरी विचारू लागली. तुमच्या मुलीचं नाव काय? ती कितवीत आहे? तिला आमच्यासारखीच कविता आहे का? एका खोट्याला दुसरं जोडत पूर्णिमा उत्तरं देत गेली. एके दिवशी चैतालीनं आम्रपालीसाठी फुलांचं चित्र काढून दिलं. घरी ते बघून आम्रपालीनं विचारलं, "मम्मी, ही चैताली कोण? मला कशी ओळखते?" पूर्णिमानं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती हिराच्या खोलीवर गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. हिरा पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"खोटं काय, सगळेच बोलतात, बाई," ती म्हणाली. "पण मी तुमच्याकडं बघून ठरवलं होतं."

दोघी मिळून संस्थेच्या कचेरीत गेल्या. अनिरुद्धनं शांतपणे ऐकून घेतलं. एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर पूर्णिमाला बरं वाटलं असतं. यादी अजून पक्की व्हायची होती, चैतालीचं नाव परत लागलं. निघताना त्यानं विचारलं, "मॅडम, हा प्रसंग अहवालात घेतला तर चालेल? नाव घालणार नाही."

वडिलांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. आपल्या शाळेविरुद्धचा पुरावा आपणच घेऊन आलो होतो. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. "घ्या," ती म्हणाली.

जूनमध्ये हिरा चैतालीला घेऊन दाखला न्यायला आली. पूर्णिमा तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. "राग आहे का गं माझ्यावर?"

"राग कसला? चैतालीला वाचायला तुम्हीच शिकवलंत." हिरानं दाखला पिशवीत नीट ठेवला. "एकच कळत नाही, बाई. एवढं चांगलं शिकवता, मग स्वतःच्या पोरीला का नाही शिकवलंत?"

पूर्णिमानं वाकून चैतालीच्या दप्तराचा पट्टा सारखा केला. हिरा चैतालीचा हात धरून चालू लागली. वर्गात गलका वाढला होता. पूर्णिमा आत गेली, हजेरीपट उघडला आणि चैतालीच्या नावापुढं 'शाळा सोडली' असं लिहिलं.