पोरांच्या गावची कॉफी

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. माळा आवरायला काढला की "अय्या, हे अजून आहे होय!" म्हणत वस्तू निघतात, तसे निघत राहतात. परवा भाचीने माझं फडताळ उघडलं आणि म्हणाली, "मावशी, तू तर पक्की चहावाली. मग ही एवढी कॉफी?" म्हटलं, बस. तुला वेळ असेल तर सांगते. मला काय, वेळच वेळ आहे.

त्या वर्षांत पुण्यातली पोरं आयटीत शिरत होती आणि आयटीतून थेट विमानात. माझा मंदार न्यू जर्सीला. मी बँकेतून निवृत्त, हे आधीच गेलेले, फ्लॅट नवाकोरा. येरवड्याच्या पुढे आमची सोसायटी, घराघरात दोन म्हातारी नाहीतर एक. पोरं सुट्टीवर आली की आधी चॉकलेटं, मग सेंटच्या बाटल्या, आणि देण्यासारखं काही उरलं नाही की कॉफीचं पाकीट! चहा पिणाऱ्या आईबापांना! फडताळं भरली आणि प्यायला कोणी नाही.

*

सुरुवात कांबळेसाहेबांच्या धुराने झाली. माझ्या समोरचा फ्लॅट त्यांचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पत्नी वारलेल्या, मुलगी जर्मनीत. एका सकाळी त्यांच्या दाराखालून धूर यायला लागला. मी घाबरून बेल दाबली. साहेब शांतपणे पेपर हातात घेऊन दारात आले. आत गॅसवर दुधाच्या पातेल्याचा कोळसा झालेला!

"अहो साहेब, वास नाही का आला?"

"नाही. मागे एका तापात माझा वास गेला, तो परत आलाच नाही. आधी मिसेस सांगायच्या, दूध बघा म्हणून."

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. जळकं पातेलं नळाखाली धरलं. साहेब मागे उभेच होते.

"मॅडम, आता आलाच आहात तर कॉफी घेता? मुलीने पाठवलीय. काळीच घ्यावी लागेल. दूध आत्ताच संपलं."

*

दुसऱ्या लिमयेबाई. जन्म शनिवार पेठेतला, सगळा संसारही तिथलाच. मुलीने लंडनला जाता जाता त्यांना आमच्या सोसायटीत आणून ठेवलं. येरवड्याला राहायला गेल्या म्हटल्यावर पेठेतल्या जावेने विचारलं होतं म्हणे, "सुटका कधी?"

मुलीने त्यांना अख्ख्या बियांची कॉफी पाठवली. बाईंनी रात्रभर भिजत घातली आणि सकाळी राजम्यासारख्या कुकरला शिट्ट्या दिल्या. तरी शिजेना! शेवटी लंडनला फोन.

"अगं आई, त्या दळायच्या असतात!"

"मग दळून पाठवायच्या! इकडे माझा गॅस जाळला!"

पुढच्या पाकिटाच्या बिया मिक्सरमध्ये दळल्या. भांडं लसणाच्या चटणीचं होतं. आम्ही पहिला घोट घेतला आणि एकमेकींकडे बघत बसलो. कांबळेसाहेब मात्र कप रिकामा करून म्हणाले, "उत्तम."

तिथेच त्यांची परीक्षक म्हणून नेमणूक झाली. लिमयेबाई म्हणाल्या, "ज्याला वास येत नाही त्यानेच निकाल द्यावा. कोणाच्या पोराची बाजू तरी घेणार नाही!"

*

मग शनिवार सकाळ ठरून गेली. ज्याच्या पोराकडून पाकीट आलं, त्याच्या घरी कॉफी. नियम एकच: पाकीट एकट्याने फोडायचं नाही.

साहेब पाकीट हातात घेऊन फायलीसारखं वाचायचे. एकदा इथिओपियाच्या कॉफीवर लिहिलेलं निघालं की हिच्यात ब्लूबेरीचा आणि जाईचा सुगंध आहे. ब्लूबेरी आमच्यापैकी कोणी बघितलेली नव्हती.

"जांभूळ समजा," साहेब म्हणाले.

लिमयेबाईंनी कपात नाक घातलं. "मला तर नुसता करपट येतोय."

"लेखी आहे, बाई. लेखी आहे म्हणजे असणारच!"

प्रत्येकाची प्यायची तऱ्हा वेगळी. लिमयेबाईंना जायफळ लागायचं, मग ती कॉफी इथिओपियाची असो की कोलंबियाची, लागायची सत्यनारायणाच्या प्रसादासारखी. साहेब स्टीलच्या पेल्यात काळी प्यायचे. दुधाशी त्यांचं त्या दिवसापासून बिनसलं होतं. मला भरपूर दुधाची लागते, आणि इतर दिवशी मी ती ओट्याशी उभ्यानेच पिते. टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते. उभ्याने लवकर संपते.

*

मंदारने मला कॉम्प्युटर आणि कॅमेरा बसवून दिला होता. नेटवर चेहरा दिसणं तेव्हा नवलाचं होतं. एका शनिवारी तो पडद्यावर आला आणि आम्ही सगळे कॅमेऱ्यासमोर शाळेच्या फोटोसारखे ओळीने बसलो.

"आई, हे सगळे कोण?"

"तुझी कॉफी संपवणारे."

तो हसला. तेवढ्यात नेट अडकलं. आवाज गेला, चेहरा हसता हसता तसाच थांबला. मी "हॅलो, हॅलो" करून बघितलं. मग आम्ही त्या थांबलेल्या चेहऱ्यासमोरच कॉफी प्यायलो. लिमयेबाई त्याला सवयीने म्हणाल्यासुद्धा, "छान आहे हो कॉफी!" कप विसळून झाले तरी कॉम्प्युटर बंद करायचं कोणी नाव काढेना.

शेवटी साहेब उठले. "मॅडम, राहू द्या चालू. बिल आलं तर बघू."

*

तिसरी मी, चौथे तुपेअण्णा. मूळचे इथलेच. आमच्या रस्त्यापलीकडे जिथे काचेची आयटी कंपनी उभी आहे, तिथे त्यांचं ज्वारीचं रान होतं. जमीन गेली, बंगला आला, एक म्हैस मात्र त्यांनी हट्टाने ठेवली. माझ्याकडे दुधाची किटली घेऊन यायचे, तेच शनिवारी बसायला लागले. कॉफी बशीत ओतून, वर गुळाचा खडा तोंडात धरून प्यायचे.

आमची पोरं साता समुद्रापार, पण दर रविवारी न चुकता फोन करायची. अण्णांचा सचिन त्याच काचेच्या कंपनीत होता आणि बायकोपोरांसह पलीकडच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायचा.

"तुमचं बरंय अण्णा," मी एकदा म्हटलं, "मुलगा डोळ्यांसमोर."

"पाच मिन्टावर हाय ताई. म्हनून तर दिसत न्हाय. येईन की कवाबी, असं वाटतं त्याला."

अण्णांना एकच गोष्ट लागून राहिली होती. सगळ्यांच्या घरी कॉफी व्हायची, त्यांच्या नावाची कधी झाली नाही. दूध त्यांचं असायचं, पण दुधाला कोण विचारतो! पाकीट फोडताना आम्ही पोरांची नावं घ्यायचो आणि अण्णा बशीत बघत बसायचे. आम्हाला ते दिसायचं, आणि वाईटही वाटायचं.

कांबळेसाहेबांनी सुचवलं, "बुधवार पेठेत ताजी दळून मिळते. घेऊन येऊ."

"इकतची नगं सायेब. इकत घ्यायची तर मी आख्खं दुकान आनीन."

लिमयेबाईंनी तर एकदा स्वतःचं जादा पाकीट पदराआड धरून पुढे केलं. "सचिनने दिलं म्हणा. कोणाला कळतंय?"

अण्णांनी ते हळूच परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"लिमयेबाई, दुसऱ्याच्या पोरावर मी बाप होऊ व्हय?"

त्यानंतर आठवडाभर बाई जिन्यात कोणाशी बोलल्या नाहीत. बाई गप्प, ही सोसायटीत बातमीच होती!

*

आणि हा शेवटचा. हा मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या शनिवारी अण्णा आलेच नाहीत. दूध नाही म्हणून आम्ही कॉफीला खोळंबलो. साहेब बाल्कनीत जाऊन दोनदा बघून आले. लिमयेबाई म्हणाल्या, "सचिनकडे गेले असतील."

मग बेल वाजली. अण्णा दारात. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी, गळ्यात निळ्या पट्टीचं 'व्हिजिटर'चं कार्ड. हातात किटली, आणि ती टॉवेलात घट्ट गुंडाळलेली.

"आज दूध न्हाय," अण्णा म्हणाले. "आज कॉफी हाय. माझी."

सकाळीच ते रिकामी किटली घेऊन सचिनच्या कंपनीत गेले होते. शनिवार असूनही सचिनला काम होतं. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, कोणाला भेटायचंय? अण्णा म्हणाले, पोराला. आत फोन लावला. सचिन मीटिंगमध्ये, थांबायला सांगा म्हणाला. अण्णा थांबले. रिसेप्शनच्या मुलीने मशीनचं बटण दाबून त्यांना कागदी कपात कॉफी दिली आणि म्हणाली, "सचिन सरसुद्धा रोज हीच घेतात." तसे अण्णा उठले, तिला विचारून आणखी कप भरले आणि सगळी कॉफी किटलीत ओतली.

"मग? भेटला का?" मी विचारलं.

"मीटिंग चालूच व्हती. म्हनलं, तुमी खोळंबला असाल."

मी कप मांडले. कॉफी पार गार झालेली. लिमयेबाई गरम करायला उठल्या, अण्णांनी हातानेच नको म्हटलं. आपल्या हाताने त्यांनी सगळ्यांना सारखी वाटली. पाणचट आणि गोडमिट्ट होती. बाईंनी जायफळाची डबी उघडलीच नाही. मी टेबलाशी बसून सावकाश प्यायले.

साहेबांनी पेला दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"अण्णा," ते म्हणाले, "फार चांगली आहे. कुठली ही? ब्राझील?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गळ्यातलं कार्ड तसंच होतं.

"न्हाय सायेब. माझ्या रानातली हाय."