डोलणाऱ्या अजगराचा नंबर

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काकू अजगर पाळायच्या. परदेशी जातीचे, दोन-अडीच हात लांबीचे, गरीब स्वभावाचे. पुढे काका गिऱ्हाइकांना फ्रेम्स दाखवत, मागे काकू अजगरांच्या जोड्या लावत. साध्या तपकिरी मादीसाठी त्यांनी हौसेनं जाळीदार नक्षीचा नर आणला. तो मान जरा डोलवायचा. काकूंना वाटलं, लाजाळू असेल.

अंड्यातून एक पिल्लू निघालं. सोनेरी अंगावर काळ्या रेघांची अशी नाजूक जाळी, की काकूंनी नणंदेला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"हे 'नाही' कशाला म्हणतंय?" नणंदेनं विचारलं.

पिल्लाची मान सारखी हलत होती. समोर उंदीर ठेवला, तर त्यानं झेप घेऊन पाण्याची वाटी पकडली.

काकूंचा धंदाच चष्म्याचा. त्यांनी नजर अधू ठरवून टाकली. अक्षरांच्या तक्त्याचा उपयोग नव्हता, म्हणून भिंतीवर लहानमोठे उंदीर काढले. काकांनी पिल्लापुढे एकेक भिंग धरलं.

"आता बरं दिसतंय?" सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

पिल्लानं मान हलवली. काकांनी नंबर वाढवला. असं करता करता भिंगांची पेटी संपली.

शेवटी चष्मा न्यायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना काकूंनी आत नेलं. ते बराच वेळ भिंतीवरचे उंदीरच बघत राहिले.

"डोळे ठणठणीत आहेत," मग ते म्हणाले. "ही नक्षी आणि हे डोलणं एकत्रच येतं. रानात हे उपाशी मेलं असतं."

"मग नक्षी राहू द्या, डोलणं तेवढं काढा."

"तसं जमत नाही, काकू. घ्यायचं तर दोन्ही."

त्या दिवशी काकूंना जेवण गेलं नाही.

पुढे एक हॉटेलवाला आला. त्याला डोलणंच आवडलं. "याहून जास्त डोलणारा काढाल का? दारात ठेवीन म्हणतो."

"हा नाही म्हणतोय," काकू म्हणाल्या आणि पडदा ओढला.

पुढच्या हंगामात त्यांनी तपकिरी मादीला तपकिरीच नर दिला. पिल्लं झाली मातीच्या रंगाची. उंदीर अचूक धरतात, पण विकत कुणी घेत नाही. काकांना त्यातलं एकही वेगळं ओळखता येत नाही. ते सरसकट सगळ्यांना 'बाळ' म्हणतात.

जाळीवाल्याला काकू स्वतः भरवतात. चिमट्यात उंदीर धरून, त्याची मान जाईल तिकडे हात नेत. त्याला घास पकडता येईपर्यंत त्यांचीही मान डोलत असते. आत येऊ का विचारलं की दोघंही 'नाही' म्हणतात, म्हणून नणंद हल्ली बाहेरूनच हाक मारते.