लाटंबाईचा गूळ
नव्या गुळाची ढेप फोडली की त्या वासासरशी मला माझे धाकटे दीर आठवतात. कडेगावाकडच्या आमच्या कोरड्या गावातून जहाजावर नोकरीला गेलेले ते पहिलेच. एकदा सुटी संपवून निघताना त्यांनी बॅगेत सगळ्यात आधी गुळाचा मोठा डबा ठेवला. "एवढा गूळ कशाला, भावजी?" मी विचारलं. ते हसले. "वैनी, जहाजावर सगळे चिडवायचे, ह्याच्या गावात प्यायला पाणी न्हाई आन् ह्यो समुद्रावर आलाय. मग मी थाप मारली, आमच्यात लय जुनी रीत हाय, वादळात गूळ खाऊन म्हणायचं, 'गुळाचा खडा, वाऱ्याला धडा. लाटंबाई, लाटंबाई, तुजं हितं काम न्हाई!' आता परदेशी कप्तानबी म्हणतोय." मग त्यांचा आवाज उतरला. "मागल्या खेपंला वादळ आलं. डबा रिकामा हाय, हे फकस्त मला ठावं. बाकीचे डब्याकडं बघून निवांत, आन् मी एकटा भ्यालेला, कुणी उघडू नये म्हणून झाकण दाबून बसलेलो." मी तेव्हा पोट धरून हसले होते. परवा लेकीचं विमान उडायच्या वेळी मात्र मी विश्रामबागेतल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात गुळाचा खडा तोंडात धरून उभी होते, आणि लाटंबाईच्या जागी कुणाला दटावावं, तेवढंच सुचत नव्हतं.