बिननावाचं कार्ड आणि ओरडून मागितलेली माफी

"काका, हे लॅमिनेशन कोणी करून दिलं?" मी विचारलं.

"हव मॅडम, उरल्याहून आलो. दोन गाड्या बदलल्या," टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले.

मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. त्यांनी कान पुढे केला आणि नुसतेच हसले. शेवटी मी कार्ड उंच धरून त्याच्यावरच्या प्लास्टिकवर बोट ठेवलं, तेव्हा प्रश्न पोचला.

"झेरॉक्सवाल्यानं. दुकानदार म्हणे कार्डावर नाव नाही. मंग मी नाव टाइप करून घेतलं, चिकटवलं अन् पॅक करून घेतलं. आता नाव हाय, तं मशीनमंदी जाऊनच नाही राहिलं."

जाणार कसं? कार्ड आता पोळपाटाएवढं जाड झालं होतं. समोर कागदाची पट्टी, तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'शामराव रामटेके'. आणि ज्या काळ्या पट्टीतून मशीन माहिती वाचतं, ती प्लास्टिकच्या आत कोंडलेली.

रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवी दुकानं उघडत होती आणि प्रत्येकाला कार्डाचं मशीन हवं होतं. आमच्या बँकेत ती मशीनं देणं आणि दुकानदारांच्या शंका निस्तरणं हे माझं काम. दिवसभर फोन कानाला.

रामटेके काकांचं ते आमच्याच बँकेचं गिफ्ट कार्ड होतं. गिफ्ट कार्डात पैसे आधीच भरलेले असतात. घेणारा ते कोणालाही देऊ शकतो, म्हणून त्यावर नाव छापत नाहीत. नावाच्या जागी नुसतं 'गिफ्ट कार्ड' असतं. काका शहराबाहेरच्या उरल्याच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झाले होते. तापलेलं लोखंड दाबून सळ्या काढणाऱ्या त्या मशीनांच्या आवाजात त्यांचे कान गेले. निरोपाच्या दिवशी कंपनीने शाल आणि हे कार्ड दिलं.

"कानाचं यंत्र घ्याचं हाय," ते म्हणाले. "माह्या पोट्टीचं लगन हाय रविवारी. आमच्यात पोरगा-पोरगी सगळ्यांसमोर प्रतिज्ञा म्हणतात. तिचा आवाज तं आयकू आला पायजे ना."

त्या दिवशी गुरुवार होता.

"दुकानदार काय म्हणाला?" मी ओरडले.

"आधी चांगला बोलून राहिला होता. मंग त्यानं बँकेत फोन लावला. फोन आयकता आयकता त्याचं तोंड बदललं. काय म्हणाला ते मले आयकू नाही आलं मॅडम, पण तोंड पाहून समजलं. त्याले वाटलं मी कार्ड चोरलं."

सोमवारचा एक फोन मला आठवला. चौबे कॉलनीतलं चष्म्याचं आणि कानाच्या यंत्रांचं दुकान. "मॅडम, बिना नाम का कार्ड आया है, लेना है क्या?" मी रजिस्टरमधून मानही वर न करता म्हणाले होते, "नाम नहीं है तो मत लीजिए. क्या पता किसका उठाया हुआ हो."

'उठाया हुआ' हा शब्द त्या दुकानदाराचा नव्हता, माझा होता.

मी कपाटातून कराराची फाइल काढली. मशीन घेताना दुकानदार एका करारावर सही करतो. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मशीनवर ज्या कार्ड कंपनीचं चिन्ह आहे, त्या चिन्हाचं कुठलंही चालू कार्ड घ्यावंच लागेल. पाहायच्या गोष्टी तीनच: मुदत, मागची सही आणि मशीनने दिलेली मंजुरी. पुढे नाव असलंच पाहिजे असं कुठेही नव्हतं. हा कागद मी कितीतरी दुकानदारांपुढे सहीला सरकवला होता. स्वतः मात्र कधी पुरता वाचला नव्हता.

मी मॅनेजर तिवारी सरांकडे गेले. ते म्हणाले, "नया कार्ड मँगवा दीजिए. बीस-पच्चीस दिन लगेंगे."

"सर, शादी इतवार को है."

"तो लॅमिनेशन हमने करवाया क्या?"

"एक तरह से हमने ही करवाया, सर," मी म्हणाले आणि सोमवारचा फोन सांगितला.

सरांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढून माझ्या हातात दिलं. "सँभाल के काटिए. और उनके साथ दुकान चली जाइए, यहाँ मैं देख लूँगा." तिवारी सरांवर आम्ही पाठीमागे पुष्कळ विनोद करायचो. त्या दिवसापासून मी त्यात भाग घेणं सोडलं.

आता काकांना सांगणं आलं. मी हळूच म्हणाले, "काका, तो फोन मीच घेतला होता. चूक माझी होती."

"हव, पुरी काळी पट्टी झाकली गेली," काका म्हणाले.

मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी कान पुढे केला. तेव्हा मी घसा ताणून ओरडले, "काका, चूक माझी होती! तुम्ही चोर नाही! मी चुकीचं सांगितलं!"

कॅशच्या काउंटरवरची मोजणी थांबली. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. शरमेने माझे कान तापले. रामटेके काका रांगेकडे वळून, बँकेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आयकलं ना सगळ्यांनी? मॅडम सोताहून बोलल्या. आमच्या मिलमंदी येवढ्या वर्षांत एकाही साहेबानं आपली चूक हाय म्हटलं नाही."

त्यांनी मला फाडून खाल्लं असतं तरी चाललं असतं. हे जास्त जड गेलं.

ब्लेडने प्लास्टिक सोडवलं. लॅमिनेशनच्या उष्णतेने कार्ड जरा वाकलं होतं. मागे काकांनी सही केली आणि आम्ही दोघं दुकानात गेलो. मी दुकानदाराला करारातला तो परिच्छेद दाखवला आणि इथेही चूक कबूल केली. त्याने काकांना हात जोडले आणि कार्ड घासलं. मशीन म्हणालं, वाचता येत नाही. पुन्हा घासलं. पुन्हा तेच. काका मशीनकडे नाही, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत होते.

"रुकिए," दुकानदार म्हणाला. त्याने गल्ल्याखालून प्लास्टिकची एक पातळ पन्नी काढली, कार्डाभोवती घट्ट गुंडाळली आणि सावकाश घासलं. मशीन कुरकुरलं आणि पावती बाहेर आली. ही युक्ती आमच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नव्हती. त्या माणसाचे उपकार मी आजही मानते.

रविवारी मी लग्नाला गेले. त्रिशरण-पंचशील झालं, मग मुलीने प्रतिज्ञा म्हटली. पोरगी लाजरी, आवाज अगदी बारीक. मला मागच्या खुर्चीवर अर्धं कळलं नाही. पुढे बसलेले रामटेके काका मात्र शब्दाशब्दाला मान हलवत होते आणि डोळे पुसत होते.

नंतरही मी पुष्कळ वर्षं त्याच टेबलावर होते. आधी फाइल, मग फोनवर उत्तर, हा नियम काही कोणी मला सर्क्युलर काढून शिकवला नाही. मी तो ओरडून शिकले.

त्या रविवारी, लग्नाची जेवणं झाल्यावर, काकांना भेटायला गेले आणि सवयीने घसा ताणून ओरडले, "जय भीम काका! अभिनंदन!"

काका दचकून मागे सरकले आणि कानावर हात ठेवून हसले.

"हळू बोला मॅडम. आता आयकू येते."